आजीची कोरकू आणि तुमची जर्मन: आधी कुठली?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना कळावं म्हणून आधी तो थोडक्यात सांगते. तुम्ही परतवाड्याच्या, नर्सिंग झालेलं, सध्या पुण्यात नोकरी. जर्मनीला जायचं म्हणून वर्षभर जर्मन शिकताय. जर्मनच्या पातळ्यांपैकी ए२ झाली, पुढची बी१ सुरू आहे, हातात आठेक महिने आहेत. मेळघाटात धारणीकडच्या गावात आजी आहे, वय ७८, तिची भाषा कोरकू, म्हणजे तिथल्या कोरकू आदिवासींची. तुम्हाला ती बरीचशी कळते, बोलता मात्र येत नाही. बाबा शिक्षक, त्यांनी घरात हिंदी-मराठीच ठेवली. आता तुम्हाला कोरकू बोलायची आहे, आजीचं बोलणं जपूनही ठेवायचं आहे. आणि तुम्ही विचारताय की दोन्ही भाषा एकदम झेपतील का, की जर्मन संपवून मग कोरकूकडे वळू? आणि कोरकूसाठी ॲप कुठलं?

ॲपचं आधी उरकते: शोधू नका. त्यात जे दोन रविवार जातील ते आजीला द्या.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. चोवीस वर्षं जर्मन शिकवते. २००८ साली शब्द गोळा करायच्या एका कामासाठी मेळघाटात गेले आणि नंतर जात राहिले. कोरकू मला मोडकी येते. गावातली पोरं माझी नक्कल करतात आणि ती नक्कल माझ्यापेक्षा चांगली असते.

आता मुद्द्याचं. तुम्ही प्रश्न ‘दोन भाषा एकदम’ असा मांडलाय, पण मला अडचण वेगळीच दिसते. तुमच्याच प्रश्नात एक वाक्य आहे: ‘मी कोरकूत काही बोलायला गेले की आजी हिंदीत उत्तर देते.’ गाठ इथे आहे. शब्द तुम्हाला मिळतील, व्याकरणही मिळेल. पण तुमच्याशी कोरकू बोलायची सवय घरात कुणालाच नाही. आजीच्या लेखी तुम्ही शहरात शिकलेली नात, आणि शिकलेल्या माणसाशी हिंदी-मराठीत बोलायचं हे तिच्या अंगवळणी पडलंय. जर्मनमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे पुस्तक आहे, पायऱ्या आहेत, परीक्षा आहे, आणि पैसे घेऊन तुमच्याशी जर्मनच बोलणारी माझ्यासारखी बाई आहे. कोरकूत हे सगळं तुम्हाला स्वतः उभं करावं लागेल, आणि त्यातलं पहिलं काम म्हणजे आजीची ही सवय मोडणं.

‘एकदम झेपेल का’ हे पुष्कळसं तुम्हाला कोरकू किती कळते यावर आहे. ‘बरीचशी कळते’ याचे अर्थ फार निघतात. कुणाला ‘जेव, ये, बस’ कळतं, तर कुणाला दोन म्हाताऱ्या आपसात शेजारणीची निंदा करतात तीही कळते. दुसऱ्या प्रकारात असाल तर तुमचं अर्धं काम लहानपणीच होऊन गेलंय. हे तपासायचं असेल तर आजी दुसऱ्या कुणाशी बोलत असताना पाच मिनिटं नुसतं ऐका आणि मग बाबांना सांगा, विषय काय होता. तुमच्याशी बोलताना ती सोपं करून बोलते, त्यावरून अंदाज बांधू नका.

लहानपणी नुसती कानावर पडलेली भाषा वाया जात नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली अशा विद्यार्थ्यांवर काम प्रसिद्ध केलं, ज्यांनी लहानपणी स्पॅनिश ऐकली होती पण बोलली नव्हती. मोठेपणी वर्गात बसल्यावर त्यांचे उच्चार नव्याने सुरुवात करणाऱ्यांपेक्षा अस्सल निघाले. व्याकरणात मात्र दोघं सारखेच चाचपडत होते. हे मला वर्गातही दिसतं आणि मेळघाटातही. म्हणजे कोरकूचा सूर तुमच्या कानात आहे, आणि तोच मला सोळा वर्षांत जमला नाही. वाक्य जुळवणं तुम्हाला शिकावं लागेल, आणि ते शिकता येतं.

दोन भाषांची सरमिसळ होईल का? थोडी होईल. मोठेपणी शिकलेल्या भाषा डोक्यात एकाच कप्प्यात पडतात बहुतेक. मी एकदा धारणीच्या बाजारात आकडा सांगताना ‘बारिया’ऐवजी ‘त्स्वाय’ म्हणाले होते आणि भाजीवाली माझ्याकडे बघत राहिली. पण तुमची कोरकू वेगळ्या वयातली आहे, ती जर्मनच्या फारशी आड येणार नाही. मला त्रास दोन नव्या भाषांचा झाला. तुमची एक नवी आहे आणि एक झोपलेली.

वेळेचा हिशोब मी असा करीन. जर्मन थांबवू नका. नर्सिंगसाठी पुढे साधारण बी२ लागतेच, आणि बी१ अर्धी सोडली की दोन महिन्यांत ती ए२ होऊन बसते. पण जर्मन पुढच्या वर्षीही शिकता येईल, शिक्षक मिळेल, परीक्षा पुन्हा देता येईल. ७८ वर्षांच्या बाईचं तसं नाही. दात पडले की शब्द बदलतात, ऐकू कमी आलं की गप्पा आखडतात. म्हणून आठवड्याचे पाच दिवस जर्मन, आणि कोरकूचे तास कमी पण सलग. सलग म्हणजे आजीच्या घरी मुक्काम.

होळीला जा. मेळघाटात होळी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. कामाला बाहेर गेलेली माणसंही त्या दिवसांत गावी परततात. त्याच सुमाराला मोह गळायला लागतो. पहाटे आजीबरोबर टोपली घेऊन निघायचं, झाडाखाली बसून फुलं वेचायची, घरी आणून अंगणात पसरायची, संध्याकाळी पुन्हा गोळा करायची. तुम्हाला हे काम वाटेल, पण मला विचाराल तर भाषा शिकायला याहून चांगला वर्ग नाही. वाकणं, उचलणं, टाकणं, ‘इथली राहिली’, ‘ती सडकी आहे, नको घेऊ’. तीच क्रियापदं तासाभरात पन्नास वेळा येतात, समोर वस्तू असते, हात चालू असतात, त्यामुळे शांतता अवघडत नाही. टेबलाशी समोरासमोर बसून ‘आजी, याला काय म्हणतात’ विचारत राहिलात तर अर्ध्या तासात दोघी कंटाळाल. आमच्या सुरुवातीच्या कामात आम्ही नेमकं तेच केलं. शब्दांची छापील यादी घेऊन बसायचो. एक आजी तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुम्ही मला परीक्षेला बसवलंय.

या पद्धतीला नाव आहे. कॅलिफोर्नियात मूळ अमेरिकी जमातींच्या अशा कितीतरी भाषा होत्या, ज्यांना दोन-चार म्हातारे बोलणारेच उरले होते. तिथे १९९०च्या दशकात लीअॅन हिंटन या भाषाशास्त्रज्ञ आणि जमातींमधले कार्यकर्ते यांनी गुरू-शिष्याच्या जोड्या लावल्या. एक म्हातारा बोलणारा, एक तरुण शिकणारा. दोघांनी मिळून रोजची कामं करायची, स्वयंपाक, धुणं, गाडी चालवणं, आणि तेवढा वेळ इंग्रजी बंद. अडलं तर हातवारे, चित्र, नक्कल, काहीही, पण इंग्रजी नाही. आठवड्याला दहा-वीस तास. त्यात ग्रंथ नाहीत, धडे नाहीत. तुम्हाला एवढे तास मिळणार नाहीत, पण नियम तोच घ्या: रोजचा एक तास आणि एक जागा ठरवा, तिथे हिंदी-मराठी बंद. जागा ठरवणं महत्त्वाचं. ‘आता आपण कोरकू बोलू’ असं म्हटलं की नाटक वाटतं, पण ‘मोहाच्या झाडाखाली कोरकू’ हे चार दिवसांत सवयीचं होतं.

आजी तरीही हिंदीत उत्तर देईल. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका आणि तुम्हीही हिंदीत जाऊ नका. ती हिंदीत बोलली तरी पुढचं वाक्य तुमचं कोरकूतच. त्यासाठी जायच्या आधी बाबांकडून पाच-सहा वाक्यं घोटून घ्या: हे काय आहे, परत सांग, हळू बोल, मी बरोबर बोलले का, हिंदीत नको. जर्मनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ‘वी बिटं?’ आणि ‘नोख माल’ शिकवतो ते याचसाठी. अडल्यावर त्याच भाषेत अडता आलं पाहिजे.

बाबांचं नाव घेतलंय तर तेच पुढे नेते, कारण तुमच्या प्रश्नात ते एका ओळीत येऊन गेले आणि मला वाटतं खरा ठेवा तिथे आहे. त्यांनी तुम्हाला कोरकू दिली नाही याची थोडी चीड तुमच्या लिहिण्यात दिसते. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी मला सांगितलंय की शाळेत मराठी अडखळली की हसू व्हायचं, आणि आपल्या मुलांचं तसं होऊ नये एवढंच त्यांनी ठरवलं. पण हिशोब बघा: आजी ७८, आणि बाबा फार तर ५५ असतील. ते जन्मापासून कोरकू बोलणारे आहेत, शिकवणं हा त्यांचा पेशा आहे, फोन वापरतात, आणि तुम्ही जर्मनीत गेल्यावरही रोज बोलणार आहेत. तुमचे खरे शिक्षक ते. रविवारी वीस मिनिटं बाबांचा फोन फक्त कोरकूत, एवढं आजपासून सुरू करा. आधी दोघंही लाजाल. बापलेकीत भाषा बदलणं सोपं नसतं, ज्या भाषेत माणूस भेटतो तीच त्याची होऊन जाते. तीन-चार रविवार ओढूनताणून करा.

थोडं व्याकरणाचं, कारण जर्मन शिकणाऱ्यांना ते लागतंच आणि कोरकूचं मला फार आवडतं. कोरकू मुंडा गटातली, म्हणजे झारखंडकडच्या संथाळी-मुंडारीची बहीण, आणि या गटाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. हा सगळा गोतावळा पुढे थेट व्हिएतनामपर्यंत जातो. कोरकूत डोळ्याला ‘मेड’, संथाळीत ‘मेत्’, व्हिएतनामीत ‘मात’. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी चिखलदऱ्याच्या बसमध्ये एकटीच हसत होते. तुम्हाला उपयोगी पडेल ते हे: कोरकूत संस्कृतसारखं द्विवचन जिवंत आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस, दोघं असतील तर शेवटी ‘किंग’, जास्त असतील तर ‘कू’. ‘कोरकू’ म्हणजे मुळात ‘माणसं’च. जर्मनसारखी पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंगाची डोकेदुखी नाही. सजीव की निर्जीव, हे बघायचं. आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद आहे, ‘आले’ आणि ‘आबुंग’. जर्मन माणसाला हा समजावताना घाम फुटतो, मराठीवाल्याला तो आयता मिळतो. तरी मी एकदा चुकले. गावाबद्दल बोलताना ‘आले’च्या जागी ‘आबुंग’ वापरलं, म्हणजे ‘आमचं गाव’ म्हणायचं सोडून ‘आपलं गाव’ झालं. म्हातारी थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मग इथेच राहा, घर बांधून देतो. तेव्हापासून ती चूक मी सुधारलेली नाही.

आता जपून ठेवण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘आजीचं सगळं रेकॉर्ड करून ठेवते, म्हणजे भाषा तरी राहील.’ रेकॉर्ड जरूर करा. पण त्याने काय राहतं आणि काय नाही, हे मी किंमत मोजून शिकले. २०११च्या हिवाळ्यात मी एका आजींचे सदतीस तास भरून आणले होते. फायलींची नावं ००१, ००२, ००३. म्हटलं पुण्याला जाऊन निवांत लिहून काढू. वर्गांच्या घाईत तीन वर्षं गेली, त्यात आजी गेल्या. आज त्यातली कितीतरी वाक्यं माझ्याकडे नुसता आवाज म्हणून आहेत. मागे कोंबडा ओरडतोय, चुलीत लाकूड तडतडतंय, आजी काहीतरी सांगून हसतात, आणि कशाला हसल्या ते विचारायला कुणी नाही. त्यांच्या मुलांना ऐकवलं. काही शब्द त्यांनाही लागले नाहीत.

म्हणून कमी भरा आणि त्याच दिवशी लिहा. दोन-तीन मिनिटांचा तुकडा, सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय, विषय काय. फोन चुलीपासून लांब आणि आजीच्या छातीच्या उंचीला. संध्याकाळी तोच तुकडा आजीसमोर थांबवत थांबवत ऐका आणि देवनागरीत लिहा, खाली मराठीत अर्थ. सुरुवातीला एका मिनिटाला पाऊण तास लागतो, घाबरू नका. काही शब्दांच्या शेवटी आवाज तोंडातच अडकतो, तिथे एखादी खूण ठरवा आणि तीच कायम ठेवा. बरोबर खूण कुठली यावर महिना घालवू नका. दहा दिवसांत असे पाच तुकडे झाले तर माझ्या सदतीस तासांपेक्षा ते मोलाचे. आणि आधी विचारा, कुणाला ऐकवलं तर चालेल. काही गाणी विशिष्ट वेळेचीच असतात. सिडोलीच्या विधीत मृतांसाठी म्हणायचं ते अंगणात सहज म्हणून दाखवा असं सांगू नये, आणि आजीने दाखवलंच तरी ते समाजमाध्यमावर टाकू नये.

आणखी एक समजूत बाजूला करते. कोणी म्हणेल, कोरकूला काय धाड भरलीय, २०११च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून जास्त बोलणारे आहेत. खरं आहे. शेजारी बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे निहाली आहे, तिचे बोलणारे दोन-अडीच हजार, आणि ती जगातल्या कुठल्याच माहीत असलेल्या भाषाकुलात बसत नाही. तिच्यात कोरकूचे शब्द भरमसाट शिरलेत, म्हणजे निहालीच्या दारात कोरकू हीच मोठी भाषा. केंद्र सरकारने २०१३ साली धोक्यातल्या भाषांसाठी योजना सुरू केली, तीही दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांसाठी. त्या फुटपट्टीने कोरकू सुखरूप. पण भाषा लाखांच्या आकड्याने जात नाही, घरागणिक जाते. धारणीत ती ठणठणीत असेल आणि परतवाड्याच्या तुमच्या दोन खोल्यांत ती एका पिढीत संपलेली असेल, दोन्ही एकाच वेळी.

उलटं उदाहरणही आहे. आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर मँक्स नावाची भाषा. ती जन्मापासून बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल नावाचा मच्छीमार, १९७४ साली गेला. १९४८ मध्ये आयर्लंडहून माणसं येऊन त्या शेवटच्या म्हाताऱ्यांचे आवाज भरून गेली होती, आणि आज सगळे त्या रेकॉर्डचं कौतुक करतात. पण त्याच वर्षांत बेटावरचे काही तरुण हौसेने या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसत, चुकत बोलत, आणि त्यांनीच पुढच्यांना शिकवलं. २००१ पासून तिथे सगळं मँक्समधून शिकवणारी प्राथमिक शाळा चालते. ती पोरं बोलतात ती मँक्स नेडसारखी नसेलही. पण त्यांना दुरुस्त करायला टेप पुढे आली नाही, शिकलेली माणसं आली.

तर तुमच्या दोन्ही इच्छा, बोलायला शिकणं आणि जपणं, यांत आधी बोलणं. तुम्ही चुकत का होईना बोलायला लागलात की रेकॉर्डिंगही सुधारतं, कारण आजी मशीनशी न बोलता तुमच्याशी बोलते.

काही गोष्टी मला इथून ठरवता येत नाहीत. आजीची इच्छा किती आहे, तिची तब्येत कशी, घरात काका-काकू काय म्हणतील. काही घरांत नात कोरकू बोलायला लागली की ‘शिकून मागे चालली’ असंही ऐकायला मिळतं. ते तुम्हाला सोसावं लागेल किंवा बाबांना पुढे करावं लागेल. शिवाय तुमच्या गावची कोरकू आणि नदीपलीकडे बैतूल-खंडव्याची कोरकू यांत फरक सापडेल. पहिलं वर्ष आजीचंच बरोबर धरा.

बी१ची परीक्षा कधी आहे आणि होळीला किती दिवसांची रजा मिळतेय, ते कळवा. नर्सची रजा म्हणजे काय ते मला माहीत आहे, माझी बहीण नर्स आहे. चारच दिवस मिळाले तर रेकॉर्डिंग पूर्ण सोडून द्या, नुसता मोह वेचा आणि बोला. दहा मिळाले तर पहिले पाच फोन पिशवीतच ठेवा.